गाण्याआधीचा खोकला

टेपवाल्या आजोबांचा जन्म गेला रेडिओ केंद्रावर, काचेपलीकडे. गोदी कामगारांचा बँड, हॉटेलातले सॅक्सोफोनवाले, परमुलखातून पोटासाठी आलेले ढोलवाले, गिरणीतल्या बायकांची गाणी, शहरात जे जे वाजलं ते त्यांनी टेपवर घेतलं. आणि त्यांनीच पुसलं! टेप महाग, म्हणून वरून हुकूम यायचा, जुनं पुसा आणि नवं भरा. साहेबांना कान होते ते फक्त फोनसाठी, दुसरं काय!

पण आजोबाही चिवट. गाणं सुरू होण्याआधीचं खोकणं, खाकरणं, वाद्यं लावणं, एवढा तुकडा ते ब्लेडने कापून ठेवायचे. तसे तुकडे चिकटपट्टीने जोडत जोडत एक भलं मोठं रीळ झालं.

एकदा घाईत, लेबल न वाचता, त्यांनी आजींचंच गाणं पुसलं. आजी जन्मात एकदाच रेडिओवर गायल्या होत्या. घरी येऊन आजोबांनी हे कुणालाच सांगितलं नाही. आजींना जाऊनही आता अकरा वर्षं झाली. त्यांचा तुकडा रिळात आहे की त्या गडबडीत केरात गेला, काही केल्या आठवेना. ऐकून बघायची छाती होत नव्हती. नसलाच तर?

मग शहराच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या एक बाई जुनं यंत्र घेऊन दारात हजर झाल्या. लेकीने परस्पर रीळ काढून दिलं.

"बाबा, किती वर्षं कपाटात ठेवणार? लावू देत की त्यांना."

रीळ फिरू लागलं. बँडवाल्याचा खोकला, ढोलावर एक थाप, मग कुणीतरी कुणाला हळूच हासडलेली शिवी. बाई हरखून लिहीत होत्या. बघता बघता पाऊण तास गेला, रीळ संपत आलं.

"नाहीये ती," आजोबा म्हणाले. "तिचं गाणं मीच पुसलं गं. तुकडाही मीच टाकला."

तेवढ्यात यंत्रातून आवाज आला.

"अहो, लाल दिवा लागला. गाऊ का मी?"

टेप सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की काचेपलीकडच्याने चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली होती. आज ते खुर्चीतून उठले.

"गा," ते म्हणाले. "गा ना गं."

टेपवर पुढचा ट्रम्पेटवाला खाकरला.