पुढचं दार

आमच्या रांगेत बेचाळीस घरं आहेत. त्यांतल्या एकतीस घरांची नदीकडची दारं माझ्या बाबांनी बुजवली. बाबा गवंडी. लोक तोंडावर त्यांना मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे बुजवामिस्त्री. बाबांना हे माहीत आहे. त्याचं त्यांना काही वाटत नाही, म्हणजे पूर्वी तरी वाटत नसे.

पुढचं कळायचं तर आमच्या वस्तीचं तोंड कुठे होतं ते आधी सांगायला हवं. नदी इथे कोपरात हात दुमडावा तशी वळते आणि वळणाच्या आतल्या अंगाला चिकणमाती टाकून जाते. त्या मातीपायी विटांच्या भट्ट्या आल्या. भट्ट्यांवरच्या माणसांसाठी काठाला ही एक लांबलचक रांग बांधली गेली. माझे आजोबा त्यांतलेच. विटा होडीनं शहरात जायच्या. मीठ, रॉकेल, पाहुणे, डॉक्टर आणि वाईट बातम्या होडीनंच यायच्या. त्यामुळे झाडून सगळ्या घरांची दारं नदीकडे. दारापुढे विटांच्या गाड्यांची वाट, वाटेपलीकडे पाणी. मागे नुसतं गवत आणि संडास.

मग वरच्या अंगाला पूल झाला आणि त्या गवतातून रस्ता आला. रस्त्यावर बस आली, बसमागून दुकानं आली, आणि शहर पसरत पसरत आमच्या अंगावर येऊन थांबलं. भट्ट्या बंद पडल्या. आम्ही होतो तिथेच होतो, फक्त बाहेरची वस्ती होतो ते उपनगर झालो. घरांनी एकेक करून कूस बदलली. संडास होते तिथे दारं निघाली, त्यांवर पाट्या लागल्या. नगरपालिकेनं नंबर घातले तेही रस्त्याकडून. एक शब्द तेवढा कुणी वळवला नाही. जुनी माणसं नदीच्या बाजूला 'पुढे' म्हणत राहिली आणि रस्त्याला 'मागे'. नंतर आलेले भाडेकरू बरोबर उलट म्हणायचे.

यावरून गमतीही व्हायच्या. शेजारच्या काकू लग्न होऊन नव्यानं आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. काका म्हणाले, "तू पुढे थांब, मी आलोच, सिनेमाला जाऊ." काकू रस्त्यावर उभ्या, काका नदीकाठी. मध्ये दोन खोल्यांचं घर. तासभर दोघंही चडफडत उभे. सिनेमा गेला तो गेलाच, वर आठवडाभर अबोला. आई ही गोष्ट सांगायची आणि सांगतानाच हसून हसून बेजार व्हायची, त्यामुळे शेवट नेहमी दुसऱ्या कुणाला तरी सांगावा लागे.

एकोणीस वर्षांपूर्वी पूर आला. पाणी पुढच्या दारांनी घरात शिरलं आणि कमरेपर्यंत चढलं. ओसरल्यावर गाळ उपसून लोकांचे नाकी नऊ आले. तेव्हापासून जो तो म्हणायला लागला, मिस्त्री, ते दार एकदाचं बुजवा. बाबांनी वर्ष-दीड वर्ष दुसरं काही केलं नाही. चौकट काढायची, विटा भरायच्या, वरून गिलावा. कुठे दार होतं ते ओळखूसुद्धा येऊ नये अशी सफाई.

आमचं दार सगळ्यांत शेवटी बुजवलं, कारण आई ऐकेना. तिची सकाळची बैठक त्या उंबऱ्यावर. भाजी निवडायची तिथे, माझे केस विंचरायची तिथे, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चौकशा तिथे. "अहो, पाणी काय रोज येतंय?" असं ती म्हणायची. शेवटी कबूल झाली. पण काम चालू असताना दोघांचं काहीतरी वाजलं. मी तेव्हा दुकानात होते. परत आले तर दार बुजलेलं आणि आई गप्प. नंतर तिनं त्या भिंतीला कपाट लावू दिलं नाही की कॅलेंडर टांगू दिलं नाही.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर लोकांना सांगत असते, ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर. आधी-नंतरची गल्लत झाली तर काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. पुढे-मागेची गल्लत मात्र मीच केली.

सात महिने झाले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. आई खुर्चीवरून उठता उठता खाली बसली आणि तशीच कलंडली. तिच्या कपाळावर घाम होता. बाबा तिचे तळवे चोळत होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, त्यांनी थेट ड्रायव्हरला जोडून दिलं. त्यानं विचारलं, "रस्त्याकडून येऊ की नदीकडून?" मी म्हणाले, "पुढच्या दारानं या."

ड्रायव्हर आमच्याच रांगेत लहानाचा मोठा झालेला. पुराआधीच त्याचं घर पुलापलीकडे गेलं होतं. त्याला 'पुढचं' म्हणजे काय ते बरोबर कळलं. तो नदीच्या वाटेनं आला. मला कुठलं दार म्हणायचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

भिंतीपलीकडून आवाज येत होते. "दार कुठाय? अहो, दार कुठाय?" कुणीतरी हातानं भिंत थापटत होतं. मी आतून ओरडले, "रस्त्याकडून, रस्त्याकडून." बाबा उठून धावत सुटले. रांगेतून पलीकडे जायला एकच बोळ आहे, तो पार टोकाला. गाडी तिथून वळेना. मागे घ्यावी लागली, पुन्हा लावावी लागली. स्ट्रेचर आमच्या घरात आलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. मी घड्याळाकडे बघत होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

बाबांनी दोष ड्रायव्हरला दिला. जन्मात कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस, पण भेटेल त्याला सांगायचे, "त्या गाढवाला साधं दार सापडलं नाही." ड्रायव्हर तेराव्या दिवशी मला बोळात भेटला. म्हणाला, "ताई, तुम्ही पुढचं दार म्हणाला होता." मी म्हणाले, "हो." त्यानं बाबांना काही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज ताटं धुऊन, दिवा मालवून झोपून जायचे. वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर काहीच वाटायचं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं. ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

बाबांनी काम सोडलं. थापी, ओळंबा, पाटी, सगळं पोत्यात बांधून पलंगाखाली सारलं. दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी काम संपवून यावं तर सकाळचा चहा साय धरून तसाच. आम्ही भांडत नव्हतो. आम्हाला एकमेकांशी बोलायला काही उरलंच नव्हतं.

अशात नगरपालिकेनं नदीकाठी फिरायचा रस्ता करायचं ठरवलं. कट्टे, दिवे, झाडं. झालं, ज्यांना दार नको होतं त्यांना एकदम दाराचा पुळका आला. काकू आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, आमचं उघडून द्या की. संध्याकाळी बाहेर बसता येईल." बाबा म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होणार." दुसरे आले, तिसरे आले. सगळ्यांना तेच उत्तर. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कामाला लागले तर बरं होतील गं." मी मान हलवली. मला तर वाटत होतं, मी सांगितल्याशिवाय ते उठणार नाहीत, आणि सांगितलं तर कायमचे बसतील.

मग नगरपालिकेचा माणूस खडू घेऊन आला. ज्या ज्या घराचं दार असेल तिथे पायरी सोडायची, बाकी सलग कठडा. पण दारं होती कुठे ते कुणालाच दाखवता येईना. घरमालक भिंतीवर ठोकून ठोकून थकले. तो माणूस वैतागून म्हणाला, "तुमची घरं आणि तुम्हालाच माहीत नाही?" हे बाबांच्या कानावर पडलं. ते उठले, चपला घातल्या, बोळातून वळसा घालून नदीकडे गेले. मी मागोमाग गेले.

त्यांनी खडू हातात घेतला आणि रांगेच्या टोकापासून चालायला लागले. भिंतीवरून तळहात फिरवायचे, थांबायचे आणि दोन उभ्या रेघा मारायचे. तोंडानं हळूहळू सांगत होते. हे होडीवाल्याचं, याचा उंबरा सागाचा होता. हे मास्तरांचं, उघडताना कुरकुरायचं. हे दोन भावांचं, भांडण झाल्यावर एका दाराची दोन केली. चाळीस वर्षांत त्यांना सलग एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. नगरपालिकेचा माणूस मागे चालत होता. आमच्या घरापाशी आल्यावर बाबांनी हात भिंतीला टेकवला, तसाच ठेवला, आणि रेघ न मारता पुढे गेले.

त्या माणसानं विचारलं, "इथे कठडा घालू?"

बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा."

रविवारी सकाळी त्यांनी पोतं ओढून काढलं. मी ओट्यापाशी होते. त्यांनी छिन्नी लावली आणि आतल्या गिलाव्याचे टवके उडवले. मला वाटलं, दुपार होईल. सिमेंटात बसलेली वीट सहजासहजी सुटत नाही, गवंड्याच्या पोरीला एवढं कळतं. पण गिलावा निघाल्यावर बाबांनी छिन्नी खाली ठेवली आणि वरची वीट नुसत्या हातानं ओढली. ती आली. दुसरी आली. मधून भुरभुर लाल माती गळत होती. मग त्यांनी खांद्यानं एक रेटा दिला आणि बाहेरच्या गिलाव्यासकट अर्धी भिंत वाटेवर कोसळली. घरात नदीचा उजेड आला.

मी घड्याळाकडे पाहिलं. छिन्नी लावल्यापासून चार मिनिटं झाली होती.

बाबा उरलेल्या विटांवर बसले. "मातीत बांधली होती," ते म्हणाले. "तुझी आई हटून बसली होती. म्हणाली, सिमेंट नको, कधी गरज पडली तर लाथेसरशी पडायला हवी. मी म्हटलं, पुरात विरघळेल. तर म्हणते, विरघळू दे." "ते लोक बाहेरून भिंत थापटत होते, आणि मी बोळाकडे पळालो. मला आठवलंच नाही गं. सात महिने मी त्या ड्रायव्हरला शिव्या घालतोय."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी ते ठेवलं. म्हणाले, "बाबा, त्याचं काही चुकलं नाही. पुढच्या दारानं या, असं मीच सांगितलं होतं त्याला."

त्यांनी एक वीट उचलली, थापीच्या मुठीनं तिची माती झाडली आणि बाजूला रचली. मग दुसरी घेतली.

"मग दुसरं काय सांगणार होतीस?" ते म्हणाले. "पुढचंच दार आहे हे." आणि जरा वेळानं, "उद्या त्याच्याकडे जाऊन येऊ. दोघंही."

मी त्यांच्या शेजारी बसले. सात महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते विटा झाडत राहिले. समोर पाणी नेहमीसारखं वाहत होतं, आईच्या जागेवर ऊन आलं होतं.

"किती वेळ लागला गं?" त्यांनी विचारलं. "पाडायला."

मी घड्याळ पाहिलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"वीस मिनिटं," मी म्हणाले.

"वीस," बाबा म्हणाले. "मग नसतंच जमलं."

"नसतंच जमलं," मी म्हणाले. चाळीस वर्षं भिंती बांधलेल्या माणसाला मी हे सांगत होते, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.