अण्णा कंपाउंडरची खारी बरणी

पौडच्या दवाखान्यात औषध घ्यायला गेलेल्या माणसाला अण्णा कंपाउंडर आधी खिडकीतली बरणी दाखवत. ताप असो, मोडलेला हात असो, बरणी आधी. औषधाच्या मोठ्या काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी, तळाशी दोन दगड आणि काचेला चिकटलेली सुपारीएवढी गोगलगाय. अण्णा तिला 'बाईसाहेब' म्हणत. "हळू बोला, बाईसाहेब बाहेर आल्यात," असं ते पेशंटला दटावत. खोकला झालेल्याने हळू कसं खोकायचं, ते मात्र सांगत नसत.

एकदा सूसहून आलेली एक शेतकरीण भडकलीच. "आवं अण्णा, पोरगं खोकून खोकून बेजार झालंय, आन तुमी त्या किड्याचं त्वांड काय बघत बसलाय?"

"ताई, खोकला कुठं पळून जात नाही. ही एकदा आत गेली की दिवसभर दिसायची नाही," अण्णा म्हणाले. मग मात्र पोराला मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः औषध पाजलं.

मी शाळामास्तर. दवाखान्याच्या मागेच अण्णांची खोली आणि तिला लागून माझी, त्यामुळे हे सगळं मला बाराही महिने भोगावं लागे. अण्णा मूळचे रत्नागिरीकडचे, समुद्राकाठचे. बायको आणि म्हातारी आई गावी, हे इथे एकटे, बदलीचे अर्ज करत बसलेले. एका सुट्टीनंतर खिडकीत मांडायला म्हणून त्यांनी रुमालात शंख बांधून आणले, आणि त्यातला एक टेबलावरून चालू लागला. गुडघे शेकायला ते दर खेपेला समुद्राचं पाणी डब्यातून आणत. गुडघे राहिले बाजूला, पाणी बरणीत गेलं.

"बदली झाली की हिला माझ्या हाताने जागेवर नेऊन सोडणार," ते म्हणाले. "तोवर ही जगली पाहिजे, मास्तर. ही जगली तर मी घरी जाणार."

औषधं करणाऱ्या माणसाने असला नवस बोलावा! मी कपाळावर हात मारून घेतला.

माझी बहीण श्रीवर्धनला दिलेली, हे त्यांना कळलं आणि माझे ग्रह फिरले. तिच्याकडे जाताना रिकामा डबा, येताना भरलेला. दारूबंदीचे दिवस. पौडला एस.टी.तून उतरलो तर हवालदार पुढ्यात.

"मास्तर, डब्यात काय हाय?"

"समुद्राचं पाणी."

"ते हितं कशापायी?"

"गोगलगायीला," मी म्हणालो, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकवेना. हवालदाराने डबा उघडून वास घेतला, मग एक घोट घेतला आणि तिथेच थुंकला. "लई खारट हाय! जावा, जावा." सगळा स्टँड हसत होता. संध्याकाळी हे तावातावाने अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "घोटभर वाया गेलं म्हणायचं."

त्या उन्हाळ्यात गोगलगायीने कवचाचं दार लावून घेतलं ते उघडेचना. औषधाच्या बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवतात, तशी अण्णांनी बरणीवर चिकटवली होती. पाणी पट्टीखाली गेलं की वर समुद्राचंच पाणी ओतायचे. आता बाईसाहेब मिटल्या, आणि अण्णांचं जेवण सुटलं. मी वैतागून म्हणालो, "मेली असेल, फेका." त्यांनी बरणीत बोट बुडवून चाखलं. "कडू झालंय हो! पाणी उडालं, मीठ राहिलं, आणि मी मूर्ख वरून आणखी मीठच ओततोय." मग औषधाच्या मापाने विहिरीचं पाणी थोडं थोडं घालत राहिले. पुढे एका सकाळी "बाईसाहेब बाहेर आल्या!" म्हणत भर वर्गात शिरून त्यांनी मला मिठी मारली. पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

काही वर्षांनी बदली खरंच झाली. पोचवायला मी गेलो, आणि एस.टी.च्या सबंध प्रवासात ती बरणी माझ्या मांडीवर. हिसका बसला की अण्णा माझ्याकडे असे बघत, जणू गाडी मीच चालवतोय. गावी पोचल्यावर घरात न शिरता ते थेट ओहोटीच्या खडकांवर गेले. आई आणि बायको दारातून बघत राहिल्या. एका डबक्यापाशी वाकून त्यांनी गोगलगाय अलगद दगडावर ठेवली आणि हात जोडले.

तेवढ्यात एक लाट डबक्यावरून गेली. पाणी निवळलं तेव्हा ती ठेवल्या जागी नव्हती, आणि त्या दगडावर आधी लक्षात न आलेल्या तसल्याच पन्नासएक गोगलगायी होत्या. तोच रंग, तोच आकार. अण्णा बावरले. एकेक उचलून बघू लागले. घरी पोचल्याचा आनंद चेहऱ्यावरून पार गेला होता.

"मास्तर, यातली आपली कुठली हो?"

इतकी वर्षं मी त्या किड्याला शिव्या घातल्या. तरी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून मीही डबक्यात उतरलो. भरतीचं पाणी चढत होतं, घरून हाका येत होत्या, आणि आम्ही दोघं वाकून शोधतच होतो.