मामंजींच्या अटकेची शिदोरी

घरातलं माणूस पोलिसांनी नेलं की पहिल्या तासाभरात काय करायचं, हे मला भाकरी थापायच्या आधीपासून येत होतं. माझं माहेर कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या दुधनीचं. तिथं माझे अप्पा दोन वर्षांतून एकदा तरी आत जायचेच. कधी रेशनच्या धान्यासाठी, कधी पाण्यासाठी, कधी गाडी थांबावी म्हणून रुळांवर बसून. आमच्या घरी कुणी त्याचा बाऊ केला नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीवरचं भांडं उतरवायची, गाठोडं बांधायची आणि मला पुढं घालून चौकीवर जायची. मी सातवीत असताना शाळेतल्या बाईंनी "वडील काय करतात?" असं विचारलं, तर मी सरळ "आत आहेत" म्हणून सांगितलं होतं.

माझं सोलापूरचं स्थळ जमलं तेव्हा मात्र अव्वानं माझ्या तोंडाला कुलूप घातलं. सासरचं नवी पेठेत कापडाचं दुकान, मागच्या बोळात घर, सात पिढ्यांत कुणी चौकीची पायरी चढलेलं नाही. अप्पांनी तर त्याहून पुढची मजल मारली. लग्न लागलं, मला गाडीत बसवलं आणि हळूच कानात सांगितलं, "मी तुझ्या घरी यायचा न्हाय. सोलापुरातला निम्मा पोलीस मला ओळखतो. भर रस्त्यात कुणी सलाम ठोकला तर तुला ऐकून घ्यावं लागंल." मला वाटलं, चार दिवसांचा हट्ट असेल, येतील. पण चार महिने झाले तरी आले नाहीत. अव्वा दोनदा येऊन गेली. अप्पांकडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून शेंगदाण्याची चटणी तेवढी यायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारायच्या, "व्याही कसे फिरकत नाहीत?" मी म्हणायचे, शेतीची कामं आहेत. भर उन्हाळ्यात, दुष्काळाच्या साली, शेतीची कामं. आत्याबाई एकदा माझ्याकडं बघायच्या आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायच्या.

अशात एका सोमवारी सकाळी दुकानातले म्हातारे गुमास्ते धापा टाकत दारात आले आणि म्हणाले, "मालकांना पोलिसांनी नेलं."

आत्याबाईंना आधी ते खरंच वाटलं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हा माणूस रस्त्यावर बैल दिसला तरी बोळ बदलणारा. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तर हे कापड मोफत देतील अशी आम्हाला भीती. झालं होतं ते असं. भाववाढीविरुद्धचा मोर्चा पेठेतून चालला होता, आणि पुढची वीसेक माणसं स्वतःहून अटक करून घेणार होती. आमच्या पेठेची एक रीत होती. आपल्या गल्लीतलं कुणी अटक करून घेत असेल तर त्याला दुकानदारांतर्फे हार घालायचा. त्या दिवशी हाराची पाळी मामंजींची होती. आणि ज्यांना घालायचा ते शेजारचे मास्तर तोवर पोलिसांच्या गाडीत चढून बसले होते. "मालक हार घालायला पायरीवर चढले," गुमास्ते म्हणाले, "आन् मागनं रेटा आला. दार लागलं की. गाडी गेली."

मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं. घरात मात्र सगळे घाबरून गेले. माझे यजमान माल आणायला इचलकरंजीला गेलेले. कारभार आला चुलत सासऱ्यांच्या हातात. त्यांनी पहिला हुकूम काढला तो असा, की बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. कुणी विचारलं तर दादा ज्वारी बघायला मंगळवेढ्याला गेलेत. अख्ख्या नवी पेठेनं ज्यांना हातात हार घेऊन पोलिसांच्या गाडीत चढताना बघितलं, ते मंगळवेढ्याला गेलेत म्हणून आम्ही सांगायचं. मग ते स्वतः कुठल्याशा ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या माणसाला भेटायला निघून गेले.

दुपारी दीड वाजता परत आले ते रडकुंडीला येऊन. मामंजी सकाळी आंघोळ करून दुकान उघडायचे आणि अकराला घरी येऊन निवांत लिंगपूजा करायचे. पूजेशिवाय पाण्याचा थेंब नाही, हे लहानपणापासूनचं. आम्ही लिंगायत, त्यामुळं लिंग त्यांच्या गळ्यात असायचं, चांदीच्या डबीत. चौकीवर नियम असा, की आत अंगावर धातूची वस्तू ठेवता येत नाही, डबी जमा करा. मामंजी डबी मुठीत धरून बसलेत, देत नाहीत. मूठ उघडली की काढून घेतील, म्हणून ना पूजा, ना अन्न, ना पाणी. फौजदार म्हणतो, यापुढं मोर्चात येणार नाही असं लिहून सही करा आणि आत्ता घरी जा. तर तेही करत नाहीत.

"वहिनी, तुम्ही चला," चुलत सासरे म्हणाले. "त्यांच्यासमोर बसून रडा. तुम्ही रडलात की दादा सही करतील."

आत्याबाई रडायला तयारच होत्या, त्या उठल्यासुद्धा. आणि माझं डोकं फिरलं. आत बसलेल्या माणसासमोर जाऊन रडायचं, ही आमच्या घरात सगळ्यात मोठी चूक. अव्वा म्हणायची, तो आत कसाबसा ताठ बसलेला असतो, आपण जाऊन त्याचा कणा काढून घ्यायचा नाही. मला दिसत होतं की आता तोंड उघडलं तर सगळं बाहेर येणार. माहेर कसलं, अप्पा कोण, लपवलं का. आणि नाही उघडलं तर तो भित्रा, भला माणूस संध्याकाळपर्यंत उपाशी बसणार, नाहीतर नको त्या कागदावर सही करून जन्मभर खाली मान घालून दुकानात बसणार.

"रडायचं नाही," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. "पांढऱ्या कापडाचा तुकडा न्यायचा. लिंग त्या वस्त्रात बांधून गळ्यात घालायचं आणि रिकामी डबी आपण घरी घेऊन यायची. कापडाला कुणी अडवत नाही. ज्यांना माहीत असतं ते घरातूनच तसं बांधून जातात."

चुलत सासरे माझ्याकडं बघत राहिले. चार महिन्यांत त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. आत्याबाईंनी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"माझे अप्पा आठ वेळा आत जाऊन आलेत," मी म्हणाले. "चोरी करून नाही. आणि ते इथं येत नाहीत ते शेतीमुळं नाही, तुम्हाला हे कळू नये म्हणून येत नाहीत."

आत्याबाई आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं, आणि मग टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला. कोऱ्या धोतराचा तुकडा घेऊन त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाकी काय काय लागतं ते सांग."

मग काय, मला उधाणच आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी सांगत होते आणि सगळे ऐकत होते. भस्म, बेलाची पानं, तांब्या. कडक भाकरी, कारण ती दोन दिवस टिकते. चटणी फडक्यात, डब्यात नाही, म्हणजे तपासणाऱ्याला उघडझाक करावी लागत नाही आणि तो चिडत नाही. चष्मा. एक जुनी चादर, नवी नको, आत तिच्यावर शंभर जण बसतात. भाकरी एका माणसाच्या बांधायच्या नाहीत, सगळ्या तुकडीच्या बांधायच्या, म्हणजे आपलं माणूस एकटं पडत नाही. आत्याबाई आणि मी समोरासमोर बसून चाळीस भाकरी थापल्या. मोलकरणीनं शेजारणीला सांगितलं, शेजारीण पिठासकट आली, आणि मंगळवेढ्याची गोष्ट तिथंच संपली. चुलत सासऱ्यांना मी वकिलाकडं पाठवलं आणि बजावलं, की नाव आणि वडिलांचं नाव वहीत बरोबर लिहिलंय का ते आधी बघा, नावात चूक झाली तर कोर्टात उद्याचा परवा होतो. ते मुकाट्यानं गेले. मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू.

टांग्यात आत्याबाई दर कोपऱ्यावर विचारत होत्या, "गेल्या गेल्या काय म्हणायचं?" मी म्हणाले, "काय हवं, एवढंच विचारायचं. कधी सुटणार ते विचारायचं नाही, ते त्यांनाही माहीत नसतं."

चौकीवर जाऊन बघतो तर आतून हसण्याचा आवाज. मोर्चातली विणकर मंडळी तेलुगूत काहीतरी गात होती आणि मामंजी मुठीत डबी धरून, सुकलेल्या ओठांनी, ताल धरून बसले होते. आत्याबाईंनी गजांशी जाऊन शिकवल्याप्रमाणं विचारलं, "काय हवं?" मामंजी गोंधळले. त्यांना रडारड अपेक्षित असावी. मग म्हणाले, "आमी वीस जण हाय. भाकरी पुरतील का?"

मी कापडाचा तुकडा पहाऱ्यावरच्या जमादाराच्या हाती दिला. म्हातारा माणूस, मिशा पिकलेल्या. त्यानं तुकडा बघितला, चटणीचं फडकं बघितलं आणि माझ्याकडं मान वर करून म्हणाला, "पोरी, वस्त्रात लिंग बांधायची ही अक्कल म्या एकाच घरात बघितलीय. तू दुधनीची व्हय? अप्पांची लेक?"

ज्या प्रश्नाच्या भीतीनं माझा बाप चार महिने दुधनीत अडकून पडला होता, तो प्रश्न असा सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला. मी "व्हय" म्हणाले. जमादार गजांकडं वळला आणि मामंजींना म्हणाला, "शेट, लई मोठ्या माणसाची पोर आणलीय तुमी. त्यांना आमी कदी बेडी घातली न्हाई."

मामंजींनी भिंतीकडं तोंड करून लिंग वस्त्रात बांधून घेतलं, रिकामी डबी बाहेर सरकवली, आणि तिथंच चादर अंथरून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. गाणारे गप्प बसले. मग सगळे मिळून जेवले. जेवता जेवता मामंजींनी आत्याबाईंना जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. रेटाबिटा काही आलाच नव्हता. ते हार घालून खाली उतरतच होते. तेवढ्यात फौजदार म्हणाला, "उतरा शेट, हे तुमचं काम नव्हे." मामंजी म्हणाले, "हे वाक्य मी जन्मभर ऐकतोय. शाळेत, तालमीत, घरात. आज मला राग आला. मी बसलो."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या गालावर चक्क लाली आली होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं सगळ्यांना सोडलं, सही न करता. मामंजी घरी आले, न्हाले, आणि जेवायच्या आधी पोस्टाचं कार्ड मागवून घेतलं. अप्पांना कन्नडमध्ये दोनच ओळी लिहिल्या: मीही आत जाऊन आलो. आता तरी या.

गुरुवारी अप्पा आले. पिशवी नाही, कपडे नाहीत, दारातून बोलून संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं असं ठरवूनच आले होते. मामंजींनी त्यांचा हात धरून न्हाणीघरात नेलं, आपलं धोतर दिलं, आणि दोघं शेजारी शेजारी पूजेला बसले. मग पानं वाढली. जेवताना मामंजी सारखे अप्पांच्या तोंडाकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "लग्नानंतर मी तुम्हाला कुटंतरी बघितलंय. पेठेतच."

अप्पा भाकरी मोडायचे थांबले. मग खाली बघत म्हणाले, "तीनदा आलतो. दुकानासमोरच्या ओट्यावर बसायचो, पोर दिसंल म्हणून. एकदा दिसली. विहीणबाईंच्या मागनं भाजीची पिशवी घेऊन चालली होती. हिरवं लुगडं होतं. हसत होती, म्हणून हाक मारली न्हाय."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. आत्याबाईंनी ती माझ्याकडून घेऊन अप्पांच्या पानात वाढली, वर तूप ओतलं, आणि मला म्हणाल्या, "तू बस वडिलांच्या शेजारी. आज मी वाढते."