देव्हाऱ्यातली कोरी वही

माझी धाकटी जाऊ मनकर्णा अचलपूरच्या बाजारात फुलं विकते. मागच्या वर्षी तिचा नवरा, आमचे देवानंद भाऊजी वारले, तेव्हा तिने दुकान बंद केलं आणि घराबाहेर पडणंही सोडलं. मी रोज देवापुढे बसून दिवसातली एक चांगली गोष्ट वहीत लिहिते. माझं मन त्यानेच थाऱ्यावर राहतं, म्हणून तिलाही एक वही दिली.

महिन्याने मी तिच्याकडे गेले, तर वही देव्हाऱ्यात. वर हळद-कुंकू, आत एक अक्षर नाही.

"अवं, लिहाले देली होती, पुजाले नाही."

"देवाजवळच्या वहीत माह्यं रडगाणं कसं लिहू, बाई?"

"रडगाणं नको. आज काय बरं झालं, तेवढंच लिही."

तिने वही देव्हाऱ्यातून काढली. मग लिहिलं, 'आज बाई आल्या.'

पुढे शेवंतीच्या कळ्या आल्या, झोप लागली, असं एकेक लिहीत गेली. दसऱ्याला झेंडूच्या टोपल्या घेऊन ती पुन्हा बाजारात बसली.

काल तिने शेजारच्या उदास भाजीवालीला नवी वही दिली. पहिली ओळ स्वतःच लिहून ठेवली होती. मला हसून म्हणाली, "नाही तं थेही पुजत बसंन."

अशी माझी जाऊ.