टाक्यांवरचा अंगारा

"काय लावलंस टाक्यांना? अंगारा?"

डॉक्टर मायच्या पोटावरची पट्टी उचलून हे बोलला आन् सारा वार्ड हसला. टाक्यांतून पू येऊन राह्यला होता, अंग तापानं फणफणत होतं, आन् लाज वाटली तिलेच. तिनं पोटावर पदर ओढला.

"तुम्हा लोकांना कितीही सांगा, बुवाकडे जाणारच."

कोणते लोक, ते त्यानं सांगतलं नाई. आडनावावरून त्याले जात समजली, घर नाई समजलं.

मायच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालतं, याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. त्या दिवशी माय आत गेलती, मी दारापाशी. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची मशीन बंद. आयाबाई गॅसवर गंजात, म्हंजे साध्या पातेल्यात, हत्यारं उकळून राह्यली होती.

"काहून वो, मावशी?"

"दुरुस्तीले पैसे आलेच नाई वरून. तोवर गंज जिंदाबाद!"

तवाच मनात पाल चुकचुकली. दवाखान्याले कमान नवी, टाइल्स नव्या. टीव्हीवर देश पैशात किती पुढं गेला त्याचे ढोल. मंग एका मशीनले पैसे काहून नाई? आन् साहेब लोकांच्या बायका या टेबलावर काहून येत नाई? नागपूरलेच कायले पळतात?

आता डॉक्टरचं बोलणं ऐकून मी वार्डातल्या बाकीच्या खाटा पाह्यल्या. त्याच दिवशी, त्याच टेबलावर कापलेल्या बाया. शेजारच्या कोलाम आदिवासी बाईचे टाके पिकले होते. कोपऱ्यातल्या पाटलाच्या सुनेचेबी. तिले हाच डॉक्टर सकाळी म्हणाला होता, "होतं असं कधीकधी, वहिनी."

माह्या डोक्यात जाळ झाला. मायनं हात धरला. "गप वं पोरी. थो मंग हातबी नाई लावणार मले."

भेव मलेबी होतं. तरी उठलीच.

"साहेब, आमच्या आजानं धम्म घेतला, तवाच देव्हारा घराबाहेर गेला. आमच्या घरात अंगारा नाई. त्या वहिनीले विचारलं का तुमी, काय लावलं म्हून?"

आता कोणी हसेना.

"जास्त शहाणी झालीस?"

"झाली. मशीन दाखवा."

त्यानं नाई दाखवली. यवतमाळले न्या म्हणून हात झटकले. तिथं टाके पुन्हा उघडले, पोट धुतलं. माय वाचली, पण आता पाण्याची कळशी उचलली का पोट धरून खाली बसते. कोलाम बाई वाचली नाई. डॉक्टरनं तिच्या घरच्यायले सांगतलं, अंगात रक्तच नव्हतं.

म्या नाई मानलं. मशीन अजून बंद आहे. आता आमच्या गावची कोणतीबी बाई टेबलावर जाईन, तिच्याआधी मी त्या दारात उभी राहीन. गंज दिसला का तिले गाडीत घालून यवतमाळले नेईन. आन् कोणी अंगाऱ्याचं नाव काढलं, तर त्याले हाताले धरून त्या गंजापाशी उभं करीन.