लाडूचा वरचा मजला

आमच्या घराचा वरचा मजला एकूण अकरा मिनिटं टिकला. त्यातली चार नारळ फुटेना म्हणून गेली.

घर म्हणजे माझं नव्हे. माझं कुठलं आलंय! आम्ही परभणीकडचे, महाळुंग्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घर होतं लाडूचं. लाडू म्हणजे माझ्या मुलीचा, सईचा हॅमस्टर. (ज्यांना हॅमस्टर माहीत नाही त्यांच्यासाठी: शेपटीत काटकसर केलेला, विकत आणलेला उंदीर.) हा प्राणी दिवसभर झोपायचा आणि दिवेलागण झाली की पिंजऱ्याच्या गजांना दात लावून कर्रकर्र करत बसायचा. एके दिवशी माझ्या बायकोनं, कांचननं, निकाल दिला.

"अहो, जागा पुरत नाही म्हणून करतोय तो. एक तर त्याला मोठं घर द्या, नाहीतर निगडीला माझ्या ताईकडे सोडून या. गुरुवारपर्यंतची मुदत. आणि फरशीवर आणखी एक वीतभरही जागा मिळायची नाही, आत्ताच सांगते!"

सईचा चेहरा एवढासा झाला. निगडीच्या ताईकडे मांजर आहे.

"रडायचं नाही," मी म्हणालो. "बाजूला जागा नसली तर वर आहे. आपण मजला चढवू."

हे मला सुचलं यात माझं कौतुक नाही. आम्ही राहतो ती बिल्डिंग अशीच झालीय. घरमालक अप्पा मूळचे शेतकरी. कंपन्या आल्या, भाडेकरू आले, तसे अप्पा दर दोन वर्षांनी एक मजला चढवत गेले. जिन्याचं प्रत्येक वेळी नंतर आठवायचं, त्यामुळे आमच्या जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नाही.

पण मी अप्पा नव्हतो! मी कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दहा वर्षं दुसऱ्यांच्या कामात चुका काढून पोट भरतोय. पार्ट चुकला की त्याच्यावर लाल स्टिकर लावायचं. त्यावर 'रिजेक्ट' छापलेलं असतं, खाली 'कारण' लिहायला एक रेघ आणि सहीला जागा. ही स्टिकरं माझ्या खिशात कायम असतात, घरीसुद्धा. एकदा मी एक कांचनच्या भाकरीवर लावलं होतं. (एकदाच.)

तर मी व्हर्निअर घेऊन बसलो. व्हर्निअर म्हणजे आमचं माप घ्यायचं हत्यार, केसाची जाडीसुद्धा सांगतं. सईनं लाडूला धरलं, मी त्याला जबड्यात घेतलं. (व्हर्निअरच्या.)

"हलवू नकोस गं, रीडिंग बदलतंय!"

"पप्पा, तो श्वास घेतोय."

तीन वेळा माप घेऊन सरासरी काढली. रुंदी बेचाळीस मिलिमीटर. दोन मिलिमीटर मोकळीक. मधल्या पत्र्याला भोक चव्वेचाळीसचं, खाली छोटासा जिना, वर जाळीची खोली.

"जरा मोठंच ठेवा की भोक," कांचन म्हणाली.

"मोठं? म्हणजे ढिसाळ काम करू? आपल्याला नाही जमत ते."

"बरं. वरून उघडायला दार?"

"उघडायची वेळच येणार नाही," मी म्हणालो, आणि छताला चारही बाजूंनी रिव्हेट ठोकले.

गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी अप्पा नारळ घेऊन हजर.

"अप्पा, पिंजरा आहे हो. नारळ कशाला?"

"मजला हाय ना? मंग! नारळाबिगर म्या आजवर एक बी मजला चढवला न्हाई."

नारळ महाचिवट निघाला. चार मिनिटं उंबऱ्यावर आपटल्यावर फुटला. अप्पांनी खोबऱ्याचे बारीक तुकडे केले, त्यात मूठभर शेंगदाणे घातले आणि जाळीतून वरच्या खोलीत एकेक करून टाकले. "नव्या घरात रिकाम्या तोंडानं ऱ्हाऊ नये," म्हणाले.

सईनं लाडूला खाली सोडलं. त्यानं जिना हुंगला, भोकात डोकं घातलं आणि सुळ्ळकन वर! दोन मिलिमीटर मोकळीक, अगदी ठरवल्याप्रमाणे. टाळ्या झाल्या. मी कांचनकडे बघितलं. त्या बघण्यात जेवढी घमेंड होती तेवढी मला पुन्हा आयुष्यात मिळायची नाही.

आता हॅमस्टरच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे. सईला माहीत होती, कांचनला माहीत होती. हा प्राणी खाणं लगेच खात नाही. गालात भरतो. लाडूनं प्रसाद भरायला घेतला. एक दाणा, दुसरा दाणा, खोबरं, दाणा... त्याचं तोंड फुगत फुगत खांद्यांच्या बाहेर गेलं. मग तो डुलत डुलत भोकाशी आला, डोकं खाली घातलं, आणि थांबला. मागे झाला. तिरपा झाला. पुन्हा थांबला.

"पप्पा, तो अडकला!"

"डिझाइनमध्ये काही प्रॉब्लेम नाही," मी म्हणालो. "पार्ट ओव्हरसाइज झालाय."

"पार्ट?" कांचन म्हणाली.

"पाण्याची बाटली खाली आहे, पप्पा! तहान लागली तर? आता त्याला मावशीकडेच पाठवणार ना तुम्ही?" सई रडायलाच लागली. त्या मांजराला मी पाहिलंय. जाड आहे, आणि निष्पाप वाटत नाही.

"आवो, दम धरा वाईच," अप्पा म्हणाले. "दानं टाकंल त्यो, मंग यील खाली."

पण ज्याचं काम चुकलंय त्याला दम कुठून येणार? मी खालच्या दारातून हात घातला, चार बोटांची चोच केली आणि लाडूला हळूच मागे ढकलून भोक जरा वाकवावं म्हणून बोटं वर सारली. बोटं गेली. अंगठ्याच्या मुळापर्यंत गेली. आणि तिथं थांबली. मागेही येईनात.

"काय झालं?" कांचननं विचारलं.

"काही नाही. तपासतोय."

"मग हात काढा."

"इतक्यात नको."

तेवढ्यात लाडूनं माझी बोटं हुंगली, आणि एकेक दाणा काढून त्यांच्याभोवती नीट रचून ठेवला. दोन्ही गाल रिकामे झाले. आता तो आरामात खाली उतरला असता. फक्त भोक भरलेलं होतं! तो माझ्या बोटांशेजारी बसला आणि वाट बघू लागला. एवढ्या सभ्यपणे आजवर माझ्यासाठी कुणी खोळंबलं नाही.

"अगं बाई," कांचन एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

अप्पा पत्रा कापायची कात्री घेऊन आले. "बिनपरवान्याचं बांधकाम हाय," म्हणाले, "पाडावं लागंल." आधी छत गेलं. सईनं लाडूला उचलून छातीशी धरलं. मग खोबरेल तेल ओतून माझा हात सोडवला. तो वांग्यासारखा दिसत होता.

मी कांचनसमोर मान खाली घालून उभा राहिलो. "उद्या नेऊन सोडतो निगडीला."

"कुणाला? लाडूला?" तिनं डोळे पुसले. "तो कुठं चुकला? अडकल्यावर तोंड रिकामं करायचं त्याला कळलं. राहील तो इथंच. टीव्हीचं टेबल काढा, तिथं ठेवू मोठा पिंजरा. टीव्हीपेक्षा यात जास्त करमणूक आहे."

सईनं आईला मिठी मारली. मला मारायला आली, पण मी तेलात होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला निघालो तर कांचननं दारात थांबवून माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं. सुजलेला हात विसरलो मी! वाटलं, बायको असावी तर अशी. त्या थोपटण्याच्या जोरावर चार तास छाती काढून अख्ख्या लाइनवर फिरलो. पोरं बाजूला होऊन वाट देत होती. मला वाटलं, मान देतायत.

जेवणाच्या सुट्टीत एकानं माझ्या पाठीवरून लाल स्टिकर काढून हातात दिलं. रिजेक्ट. कारणाच्या रेघेवर कांचनचं अक्षर: "स्वतःला फार शहाणा समजतो."

सहीची जागा मात्र कोरी होती. बिनसहीचं स्टिकर आमच्याकडे चालत नाही. मी कारण दोनदा वाचलं, चूक सापडली नाही. मग डाव्या हातानं सही केली आणि पुन्हा जागेवर लावून घेतलं.