ताटाची डावी बाजू

माझे मिस्टर दिग्रसला मोटारसायकली दुरुस्त करतात. दुकान घरासमोरच, मध्ये फक्त रस्ता. मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातून वाचले, चालू लागले, आणि सारा जीव त्या दुकानात अडकला. पण जेवायला बसले की रोज एकच तक्रार, "चटणी काहून नाही वाढली?" चटणी ताटात डावीकडे, नेहमीच्याच जागी असायची. डावीकडची अर्धी भाकरीही तशीच पडायची. माझी जीभ काही कमी नाही. "डोळे कुठं गहाण ठेवले तुमी?" असं मी बोलून गेले.

एसटीने यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी कागदभर रेघा काढून सगळ्या खोडायला सांगितल्या. यांनी उजवीकडच्या तेवढ्या खोडल्या आणि झालं म्हणून पेन ठेवला. डोळे चांगले आहेत, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाय सांगितला तो असा: ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवायची, ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगायचं आणि थांबायचं. ताट आपण फिरवायचं नाही.

तेच थांबणं मला जमलं नाही. भुकेला माणूस चाचपडताना बघवेना. भाजी वाढायच्या निमित्ताने मी हळूच ताट फिरवायची, की डावीकडचं उरलेलं यांच्या उजवीकडे यायचं. ताट स्वच्छ व्हायचं. "आता पुरं जेवतात," असं मी मॅडमना सांगितलं. कागदावरच्या रेघा खोडताना अजून थोडं चुकतच होतं, पण घरी जमतंय म्हटल्यावर त्यांनी दुकानात एकट्याने जायला होकार दिला.

मी दारात उभी होते. यांनी उजवीकडे नीट पाहिलं, अर्धा रस्ता ओलांडला आणि डावीकडे न बघताच पुढे निघाले. तिकडून आलेल्या मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारला, तरी धक्का लागलाच. डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आणलं त्या दिवशी मी त्यांच्या डावीकडे बसून ताट वाढलं. ते म्हणाले, "माझीच चुकी झाली व. मले वाटलं, आता समदं दिसून राह्यलं. ताट तर रोज पुरं संपवत होतो ना मी."

"मी फिरवत होते ताट," मी म्हणाले.

ते उजवीकडच्या भिंतीकडे, जिथं मी नव्हतेच तिकडे, बघत म्हणाले, "आता नको फिरवू."

आणि पट्टी शोधायला मान वळवू लागले.